स्विंग कीलची विंच भार धरत नाही. ब्रेक गेला म्हणायचा का? (गंगापूर धरण, १९ फुटी होडी)

शिडवेडा_नाशिक | ३ मे, रात्री ९.५०

मंडळी, एका हाताने टाइप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. डावं मनगट प्लास्टरमध्ये आहे. का, ते पुढे येईलच.

जानेवारीत मुंबईहून एक जुनी १९ फुटी फायबरची शिडाची होडी घेतली. ट्रेलरवर घालून कसारा घाट चढवून आणली. ज्यांना या प्रकाराची माहिती नाही त्यांच्यासाठी: होडीच्या पोटाखाली बिडाचं एक जड पातं आहे, साधारण १८० किलोचं. त्यालाच कील म्हणायचं. वारा शिडाला ढकलतो तेव्हा होडी आडवी सरकू नये, कलंडू नये म्हणून ते असतं. माझं पातं पुढच्या टोकाला एका पिनवर टांगलेलं आहे आणि मागच्या टोकाला वायर रोप लावलाय. ती वायर तळातल्या रबरी नळीतून वर येते आणि आतल्या हातविंचवर गुंडाळली जाते. खोल पाण्यात पातं सोडायचं, काठाला येताना वर घ्यायचं.

जुन्या वायरचे तंतू तुटून काटे आले होते, म्हणून पाण्यात उतरवण्याआधीच नवी वायर टाकली. स्वतःच टाकली. विंचही खोलून धुतली आणि ग्रीस भरून बसवली. त्या दिवसापासून विंच भार धरतच नाही. हँडल सोडलं की सुसाट उलटं फिरतं. मी आपला पातं वर घेतलं की हँडल सुतळीने बांधून ठेवायचो. वाटलं, असंच असेल.

गेल्या रविवारी बॅकवॉटरला, काठापासून पन्नासेक फुटांवर, पातं जवळजवळ वर आलं होतं. सुतळी शोधायला मान वळवली आणि ओल्या हातातून हँडल निसटलं. ते सावरायला गेलो आणि दुसऱ्या फेऱ्याला मनगटावर बसलं. खाली पातं धाडकन आदळलं, अख्खी होडी हादरली. बायको काठावरून बघत होती, त्यामुळे घरी काय सांगायचं हा प्रश्न उरला नाही.

प्रश्न: ब्रेकच्या चकत्या झिजल्या असाव्यात असं मला वाटतं. अंबडला कुणी बनवून देईल का?

चहाटळ | ३ मे, रात्री १०.१५

अख्खं जग नाशकात गोदावरीत डुबकी मारायला येतं, तुम्ही तिच्यात १८० किलो बीड बुडवताय. पुण्य वजनावर मिळतं का?

काळजी घ्या हो. वाचून अंगावर काटा आला.

लेथमास्तर | ३ मे, रात्री ११.०५

अंबडला माझंच वर्कशॉप आहे. क्लचप्लेटच्या लायनिंगमधून चकत्या कापून देईन, तासाभराचं काम. व्यास, भोक आणि जाडी पाठवा.

पण एक सांगा, "ग्रीस भरून बसवली" म्हणजे नक्की कुठे भरलं?

शिडवेडा_नाशिक | ४ मे, सकाळी ७.३०

सगळीकडे. पुरणपोळीवर तूप सोडावं तसं.

लेथमास्तर | ४ मे, सकाळी ७.४२

मग ब्रेक कसा लागेल साहेब? चकत्यांवर ग्रीस म्हणजे सायकलच्या रिमला खोबरेल लावून ब्रेक दाबण्यासारखं आहे. ग्रीस फक्त गिअरच्या दात्यांना. ड्रमच्या बुशला तेलाचे दोन थेंब. चकत्या कोरड्या ठणठणीत.

द्राक्षबागाईत | ४ मे, सकाळी ८.२०

रामराम. वायरीचा खर्च कशाला केला? आमच्याकडे द्राक्षाच्या मांडवाची जीआय तार पडून आहे, अख्ख्या बागेचा भार वर्षानुवर्षं पेलते. दोन-तीन पदर पिळून टाकले तर १८० किलो काहीच नाही. दिंडोरीकडे येणं झालं तर घेऊन जा.

मृण्मयी_क | ४ मे, दुपारी १.१०

दादा, मांडवाची तार ताणलेली असते, पण ती एका जागी असते. इथे वायर लहानशा कप्पीवरून वळून ड्रमवर गुंडाळायची आणि परत सरळ व्हायची आहे, दर खेपेला. खिळा दहा वेळा वाकवून सरळ केला की मोडतो, तसंच भरीव तारेचं होईल. म्हणून केसासारख्या बारीक तारांचा पीळ लागतो. कामाला ७ × १९ रचनेची वायर हवी: एकोणीस तारांचा एक पेड, असे सात पेड. ५ मिमीची अशी स्टेनलेस वायर तुटायला दीड टनाच्या आसपास भार लागतो.

आता गणित. पातं एका टोकाला टांगलेलं आहे, वजनाचा मध्य साधारण निम्म्या लांबीवर, वायर समजा ऐंशी टक्के लांबीवर. पातं आडवं, म्हणजे पूर्ण वर असताना वायरवर १८० × ०.५ ÷ ०.८ म्हणजे ११० किलोच्या वर थोडा भार येतो. वायर तिरकी असेल तर जास्त. पाण्यात बीड साधारण सातव्या हिश्शाने हलकं होतं, तेवढी सूट मिळते. पातं जसजसं खाली उभं होत जाईल तसा भार घटत जातो आणि पूर्ण उभं झालं की जवळपास शून्य.

म्हणजे हँडल सर्वांत धोकादायक केव्हा, तर पातं पूर्ण वर आल्यावर. नेमकं तेव्हाच माणसाला वाटतं, झालं काम.

तांडेल | ४ मे, संध्याकाळी ६.४५

अलिबागकडून लिहितोय. फिरती कील आमच्या बोटींना नसते, पण जाळी ओढायच्या विंचवर हयात गेली. दोन गोष्टी. फिरत्या हँडलला हात घालू नये, कधीच नाही. पडेल ते पडू द्यायचं, लोखंड नवं येतं. आणि दुसरं, ती रबरी नळी. वायर तिच्यातून येते म्हणजे तिचं खालचं तोंड समुद्रालाच (तुमच्यात धरणाला) उघडं. तिला चीर गेली किंवा क्लिप गंजून सुटली तर पाणी थेट आत. आदळल्यानंतर ती पाहिलीत का?

शिडवेडा_नाशिक | ४ मे, रात्री ८.३०

काका, नळी नव्हती पाहिली. आत्ता टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये जाऊन आलो. वरची क्लिप ठीक आहे. खालच्या क्लिपखाली रबर दाबून बघितलं तर वाळल्या आमसुलासारख्या भेगा. बदलतोय. क्लिपा पूर्ण स्टेनलेसच्या, स्क्रूसकट, आणि दोन्ही टोकांना दोन-दोन लावणार.

निवृत्त_फिटर | ५ मे, सकाळी ६.१०

धागा रात्री वाचला. ओझरच्या विमान कारखान्यात आयुष्य गेलं. विमानाच्या कंट्रोल केबल याच ७ × १९ रचनेच्या असतात, त्यामुळे रस वाटला.

चकत्या बनवायची घाई करू नका. आधी दोन प्रश्नांची उत्तरं द्या. विंचमधून टक-टक-टक आवाज येतो का, आणि तो पातं वर घेताना येतो की खाली सोडताना? आणि वर घेताना हँडल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवता की उलट? आठवणीने सांगू नका, जाऊन बघून सांगा. होडी ट्रेलरवर असेल तर पात्याखाली लाकडं आहेत ना, ते पाहून मगच.

शिडवेडा_नाशिक | ५ मे, सकाळी ९.००

बघून आलो. पात्याखाली लाकडं आहेत, वायर ढिली होती म्हणून भाच्याला ती हाताने ताणून धरायला लावली.

टकटक खाली सोडताना येते. वर घेताना आवाज नाही. वर घेताना हँडल उलट्या दिशेने फिरतं.

का हो?

लेथमास्तर | ५ मे, सकाळी ९.०४

अरे देवा.

निवृत्त_फिटर | ५ मे, सकाळी ९.४०

वायर ड्रमवर उलटी गुंडाळली आहे. ड्रमच्या ज्या बाजूने उतरायला हवी तिच्या विरुद्ध बाजूने उतरतेय.

या विंचचा ब्रेक कसा चालतो ते नीट सांगतो, कारण एकदा डोळ्यांसमोर आलं की माणूस विसरत नाही. हँडलच्या शाफ्टला आटे असतात. दोन घर्षण-चकत्या आणि त्यांच्या मधोमध दातेरी चाक, रॅचेट. हँडल घड्याळाच्या दिशेने फिरवलं की आटे आवळतात, चकत्या रॅचेटला घट्ट चिकटतात आणि सगळं एकजीव फिरतं. खटका दात्यांवरून उड्या मारतो, तीच टकटक. आता हँडल सोडा. भार ड्रमला मागे ओढतो. रॅचेट मागे जाऊ शकत नाही, खटका अडवतो. आणि भाराची ती ओढच आटे आणखी आवळते. म्हणजे जितका भार जास्त तितकी पकड जास्त. खाली सोडायला हँडल उलट फिरवायचं. आटे किंचित ढिले होतात, भार थोडा घसरतो, घसरता घसरता परत आटे आवळतो, पुन्हा धरतो. म्हणून सोडतानाही हँडल फिरवत राहावं लागतं. थांबलात की थांबतं.

वायर उलटी गुंडाळली की भार ज्या दिशेला ओढतो ती खटक्याची मोकळी दिशा. तिथे अडवणारं काही नाही. चकत्या नव्या टाकल्या, सोन्याच्या टाकल्या, तरी हेच होणार. तुमचं पातं इतके दिवस त्या सुतळीवर होतं.

विंचवर बाणाचं स्टिकर असायला हवं.

शिडवेडा_नाशिक | ५ मे, सकाळी १०.१५

स्टिकर होतं म्हणे. मीच धुताना थिनरने पुसलं. काहीतरी लाल दिसत होतं, वाटलं जुना रंग.

उलटी का गुंडाळली, तर त्या बाजूने वायर नळीतून सरळ येते असं वाटलं. दिसायला सुरेख दिसत होती.

चहाटळ | ५ मे, सकाळी १०.३०

धागा वाचनखुणेत टाकला. माझ्याकडे विंच नाही, होडी नाही, पण आमच्या हिच्या हातातलं लाटणं कुठल्या दिशेने मोकळं सुटतं ते एकदा तपासून बघतो.

द्राक्षबागाईत | ५ मे, दुपारी ३.००

फिटर काका, आमच्याकडे विहिरीतली मोटर काढायला चेनब्लॉक आहे. त्यातही असंच असतं का?

निवृत्त_फिटर | ५ मे, दुपारी ४.२०

हो, हातसाखळीच्या चेनब्लॉकमध्ये तत्त्व तेच. आटे, चकत्या, रॅचेट. साखळी सोडली तरी मोटर हवेत राहते ती त्यामुळेच. त्याच्याही चकत्यांना ग्रीस नको. पावसाळ्याआधी एकदा बघून घ्या.

शिडवेडा, तुमच्यासाठी राहिलेलं. ग्रीस प्यालेल्या चकत्या पेट्रोलने धुऊन वरवर कोरड्या दिसतील, पण भार आला की आतलं ग्रीस परत बाहेर येतं. त्या फेकाच. लेथमास्तरांचा अनादर नाही, पण लायनिंग कापून बनवलेली चकती इथे नको. विंच ज्या कंपनीची आहे तिचा चकत्यांचा संच मागवा. मिळत नसेल तर अख्खी ब्रेकवाली विंच नवी घ्या. साधी खटक्याची विंच स्वस्त मिळते, ती घेऊ नका: तिच्यात सोडताना खटका उचलावा लागतो आणि मग सगळा भार तुमच्या हातात.

लेथमास्तर | ५ मे, दुपारी ४.३५

अनादर कसला. बरोबर आहे. मी सायकलचं उदाहरण दिलं आणि दिशा विचारायचं सुचलंच नाही. वीस वर्षं मशीनवर उभा आहे, आणि हे पहिल्या दिवशी पोराला शिकवतो तेच.

संच आला की विंच माझ्याकडे आणा, बाहेरच टेस्ट करू. होडीत बसवून टेस्ट करायची नाही.

मृण्मयी_क | ५ मे, रात्री ९.१५

फिटर काकांच्या बोलण्यातून एक शंका मिटली. ब्रेक भारावर चालतो, म्हणजे भार नसेल तर ब्रेकही नाही. पातं पूर्ण उभं झालं किंवा गाळात टेकलं की वायर ढिली. त्यानंतरही हँडल सोडत राहिलं तर ड्रमवर वायरचा गुंता होणार. गंगापूर धरणात मे महिन्यात पाणी उतरलं की काठाला काळा गाळच असतो. तिथे पातं टेकेल, मागे उचललं जाईल, वायर ढिली पडेल आणि होडी पुढे सरकली की पातं झटक्याने परत खाली. तो झटका ११० किलोच्या कितीतरी पट.

तांडेल | ६ मे, सकाळी ५.५०

ताई बरोबर बोलल्या. भाराने वायर तुटत नाही, झटक्याने तुटते.

शिडवेडा_नाशिक | २१ मे, रात्री १०.००

प्लास्टर निघालं, दोन हातांनी लिहितोय.

चकत्यांचा संच बारा दिवसांनी आला. तोवर बाकीचं उघडून बसलो. दिंडोरीहून द्राक्षबागाईत दादांनी चेनब्लॉक आणि तीन आंब्याचे ओंडके पाठवले, त्यांचे आभार कसे मानू. लेथमास्तरांच्या शेडमध्ये होडी रुंद पट्ट्यांवर उचलली, खाली चार ठिकाणी टेकू लावले आणि पातं ओंडक्यांवर बसवून पिन काढली. पिन ब्राँझची आहे. मधोमध, जिथे पातं बसतं तिथे, नखाला लागेल एवढी खाच पडली होती. पडल्यामुळे नाही, जुनी झीज आहे. लेथमास्तरांनी मोजली आणि म्हणाले, बदलूया. त्यांनीच नवी टर्न केली. पात्याच्या दोन्ही बाजूंनी बारीक वॉशर टाकले, आता पातं खोबणीत डावी-उजवीकडे खडखडत नाही. रात्री नांगर टाकून झोपलो की जो टक्-टक् आवाज यायचा आणि मला मासे वाटायचे, तो हाच.

पातं आदळलं तिथला फायबर रुपयाच्या नाण्याने ठोकत गेलो. सगळीकडे टणटण, एका तळहाताएवढ्या जागी थपथप. आतून थर सुटलाय. ती जागा घासून दोन थर मॅट आणि इपॉक्सी चढवलं. बिडावर गंजाचे फोड होते. ते फुगले की पातं खोबणीतच अडकतं. ते तारेच्या ब्रशने खरवडून प्रायमर मारला.

नवी वायरही काढून टाकली, फक्त तीन महिन्यांची असून. फिटर काकांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे सुती कापड वायरभोवती गुंडाळून हळूहळू ओढलं. कप्पीजवळ कापड अडकलं. चष्मा लावून पाहिलं तर तीन तारा तुटून उभ्या. टोकाला मी वापरलेली फेरूल, म्हणजे वायरचा फास दाबून पक्का करायची नळी, ॲल्युमिनियमची होती. स्टेनलेस वायरला तांब्याची लागते, हे आता कळलं. फासाच्या आत थिंबल (वायर घासू नये म्हणून धातूची खोबण) घातलं, तांब्याच्या दोन फेरूल दाबल्या आणि गेजने तपासल्या.

निवृत्त_फिटर | २१ मे, रात्री १०.४०

छान. वायर घेताना प्लास्टिकचं आवरण असलेली घेतली नाहीत ना? दिसायला गुळगुळीत असते, पण आत पाणी साठून गंजते आणि तुटेपर्यंत कळत नाही. आणि दुकानदार लोहचुंबक लावून "बघा, चिकटत नाही, म्हणजे स्टेनलेस" म्हणतो त्यावर जाऊ नका. बारीक ओढलेली ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसची तार थोडी चिकटूही शकते.

पातं पूर्ण खाली असताना ड्रमवर किती वेढे उरतात?

शिडवेडा_नाशिक | २१ मे, रात्री १०.५५

साधी, बिनआवरणाची आहे. वेढे चार उरतात. तुम्ही किमान तीन म्हणाला होता.

टेस्टची गोष्ट राहिली. विंच लेथमास्तरांच्या गॅन्ट्रीच्या खांबाला बोल्ट केली आणि वायरला सिमेंटच्या तीन गोण्या टांगल्या, दीडशे किलो. घड्याळाच्या दिशेने फिरवायला लागलो. टक, टक, टक. शेडमधली पोरं काम थांबवून बघत होती. गोण्या कमरेएवढ्या वर आल्यावर लेथमास्तर म्हणाले, "सोडा." माझा हात सुटेना. मनगट आपोआपच आवळलं गेलं. शेवटी त्यांनीच माझी बोटं एकेक करून उघडली.

हँडल जागचं हललं नाही. गोण्या नुसत्या झुलत राहिल्या.

मग पोरांच्या आग्रहाखातर दहा वेळा वर-खाली केलं. ब्रेक गरम झाला का ते हात लावून पाहिलं, कोमट होता. स्टिकर गेलं म्हणून लेथमास्तरांनी पंच मारून विंचच्या पत्र्यातच बाण कोरून दिलाय.

लेथमास्तर | २१ मे, रात्री ११.१०

बाणाचे पैसे लावलेले नाहीत. थिनर लावून जात असेल तर कळवा.

तांडेल | २२ मे, सकाळी ६.००

नळी?

शिडवेडा_नाशिक | २२ मे, सकाळी ७.१५

बदलली काका. दोन-दोन क्लिपा. पाण्यात उतरवून तासभर टिश्यू पेपर गुंडाळून ठेवला होता, कोरडा निघाला.

मृण्मयी_क | २२ मे, सकाळी ८.००

गाळाचं काय केलंत?

शिडवेडा_नाशिक | २२ मे, सकाळी ८.२५

काठीला दर फुटावर रंगाचा पट्टा मारलाय. काठाकडे येताना भाचा पुढे बसून खोली मोजतो. पाच फुटांखाली गेलं की पातं वर, चर्चा नाही. आणि पात्याला जागेवर आवळणारा एक बोल्ट आहे, तो मी आजवर सजावटीचा समजत होतो. तो आवळला की होडी डुचमळली तरी पातं हलत नाही आणि वायरला झटके बसत नाहीत. फक्त वर घेण्याआधी सैल करायला विसरायचं नाही, म्हणून त्याचा पाना विंचच्या हँडललाच दोरीने बांधलाय.

चहाटळ | २२ मे, सकाळी ८.४०

म्हणजे सुतळी शेवटी कामाला आलीच.

द्राक्षबागाईत | २२ मे, सकाळी ९.०५

दादा, सगळं वाचून आनंद झाला. आमच्या विहिरीतली मोटर काल बसली. चेनब्लॉक आज संध्याकाळपर्यंत मिळेल का? ओंडके राहू द्या.

शिडवेडा_नाशिक | २२ मे, सकाळी ९.०८

निघालोच. चकत्या उघडून बघितल्यात, कोरड्या आहेत.